प्लगिन दत्तक योजना, विश्रांतवाडी

नाही नाही, हसू नका! तुम्हाला हसायला काय जातं? माणसं जमवणं म्हणजे काय असतं ते जमवणाऱ्याला विचारा... तीही फुकट राबणारी, तीही पुण्यात, तीही रविवारी सकाळी दहाला!

तुम्हाला सांगतो, प्लगिन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. कुणीतरी हौसेनं लिहितो, जगाला फुकट वाटतो, मग त्याचं लग्न होतं आणि प्लगिन पोरकं! आमच्या विश्रांतवाडीच्या वाचनालयाच्या साइटवर असंच एक आहे, लेख मोठ्यांदा वाचून दाखवणारं. लिहिलं कुणी? पुष्करनं. पुष्कर कुठाय? कॅनडात, दारातला बर्फ उपसतोय! आणि ऐकतं कोण? आमच्या खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, रोज चहाबरोबर दोन लेख ऐकतात. आणि साइटवर नोटीस: तीस तारखेपर्यंत सांभाळणारा मिळाला नाही तर प्लगिन बंद! काका म्हणाले, "धम्मदीप, हे बंद झालं तर मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचं का रे?" म्हटलं, काका, होईल हो, न व्हायला काय झालं!

लगेच ग्रुप काढला, पोरक्या प्लगिनांची यादी टाकली, चांगली तेवीस! रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये चौदा माणसं हजर. चौदा! मला वाटलं, जिंकलो. उल्काताई म्हणाल्या, "आधी लोगो ठरवू या, लोगोशिवाय शिस्त येत नाही." टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले वैजनाथराव म्हणाले, "अहो, संस्थेची घटना कुठाय? उद्दिष्टं, कार्यक्षेत्र, कोरम..." त्यात पाऊण तास! निकिता म्हणाली, "सर, बेसिकली कोड खूप ओल्ड आहे, सगळं स्क्रॅचपासून लिहू ना!" म्हटलं, कधी? "अप्रेझल झाल्यावर." बरं, म्हटलं, हे मोठ्यांदा वाचणारं कोण घेतंय? सगळे पंख्याकडे बघायला लागले... आणि एकदम कुणीतरी म्हणालं, "अभय घेईल!" हो हो, अभयच! एकमतानं ठराव, टाळ्या! मी विचारलं, अभय आहे कुठं? "आला नाही ना, म्हणून तर!" आणि मी शहाणा, नाव लिहून मोकळा... होईल हो, न व्हायला काय झालं!

अठ्ठावीस तारखेला अभयला फोन केला. "जय भीम दादा! कुठलं प्लगिन? मी तर ग्रुप म्यूट केलाय."

आता? साइट अपडेट झाली आणि प्लगिन दोन दिवस आधीच मुकं! आणि मला आठ वर्षं झाली मॅनेजर होऊन, कोडला बोट लावलेलं नाही. पगार कशाचा, तर पोरांना "कधी होणार?" विचारण्याचा! आमची कल्याणी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग आता स्वतःला विचारा की, कधी होणार!" झोंबलं! रजा टाकली, सकाळी बसलो, दुपारपर्यंत जुनी ओळख लागेना, चारच्या सुमाराला सापडलं: तीन ओळी! अख्खं प्लगिन तीन ओळींसाठी अडलेलं! त्या बदलल्या, 'सांभाळणारा' या रकान्यात तात्पुरतं, तात्पुरतं बरं का, माझं नाव टाकलं... आणि पाच मिनिटांत खालच्या खिडकीतून प्लगिनमधल्या बाईंचा आवाज, मांजरी गावच्या उसावरचा लेख वाचताहेत! खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले माझे. तेवढ्यात काकांचा फोन: "चालू झालं रे. पण बाई फार घाईत वाचतात, बघ जरा."

बघतो म्हटलं. आणि पुढच्या रविवारी काय? तेच चौदा, दहाला पाच कमी असतानाच हजर! पंधरावा अभय! लोगो छापलेला बॅनर, माझा सत्कार! वैजनाथरावांनी खांद्यावर शाल घातली, या हातात नारळ, त्या हातात गुच्छ, आणि माइकवर खाकरून म्हणाले, "जाहीर करण्यास आनंद होतो की, उरलेली बावीस प्लगिनंही धम्मदीपसाहेबच दत्तक घेत आहेत!" टाळ्या थांबेनात, काका पहिल्या रांगेत, सर्वांत जोरात टाळ्या त्यांच्याच...

आता तुम्हीच सांगा, नाही म्हणायला हात वर करावा, तर रिकामा कुठला होता? म्हटलं... होईल हो.