डबा ताडकळसला हाय

न्हाई सर, ढकलून उपयोग न्हाई – बसा तुमी. खुर्ची तुमी घ्या, मी खाली टेकतो, मला सवय हाय. हे दार बोटावर चालतं ना – बोट ठेवलं की दार आतल्या मशीनीला विचारतं, हा माणूस आपला का? आन् मशीनच मेली तर दार विचारणार कुणाला? आत यायला बी बोट, बाहेर जायला बी बोट. लाइट गेली, आली, आन् त्या डिस्कांच्या पेटीवर दोन लाल दिवे लागले, म्हंजे दोन डिस्का मेल्या – तुमच्या म्होरंच झालं की. एक लागला असता तर निभावलं असतं. दोन म्हंजे संपलंच ना? हां... तुमच्या तोंडावरनंच कळालं मला.

ओ महारुद्रकाका! लागला का फोन? – ऐकलं का सर, आमचे शिपाई हायत ते, म्हणायलेत दाराची लोखंडी चावी आबासाहेबांच्या, संस्थेच्या मालकांच्या गाडीत हाय, आन् साहेब गेलेत पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला. मोटारसायकलवर माणूस धाडलाय. आन् वरून हसायलेत, "सुगत, आत एसी हाय, मजा हाय गड्या तुमची!" – एसी कुठला काका, उकडून निघायलो आमी!

मी एरवी एवढा बोलत न्हाई सर. शाळा नववीत सुटली, संस्थेत वायरी ओढायला लागलो, ओढता ओढता ह्या खोलीत आलो आन् इथंच राहिलो. कॉलेज, दोन शाळा, हॉस्टेल – समद्यांचं ह्या एकाच मशीनीत. म्हंजे दिसायला मशीन एक, आन् तेच्या पोटात नऊ भासाच्या मशीनी – प्रवेशाची येगळी, मार्कांची येगळी, पगाराची येगळी, दाराची येगळी. एकाच एसटीत समदी गावं बसवल्यासारखं. आन् रोज नक्कल काढून ठेवणारी जी मशीन, बॅकपची – ती बी त्याच एसटीत. एसटी बंद पडली तर ढकलणारे बी आतच बसलेले! मी म्हणलो होतो साहेबांना, हिला येगळी पेटी पायजे, दुसऱ्या इमारतीत पायजे. साहेब म्हणले, "आतमधी जागा हाय ना शिल्लक? मग?" राहिली मग ती आतच.

पण तुमी घाबरू नका सर. तिसरी नक्कल हाय. बाहेर हाय.

माझ्या घरी, ताडकळसला. खरंच. साहेबांनी कुठं तरी ऐकलं, एक नक्कल दुसऱ्या गावात पायजे. मला बोलावलं, म्हणले, "सुगत, तुझं गाव दुसरंच हाय ना? झालं की मग." तवापासनं दर शनिवारी नक्कल एका डिस्कवर घ्यायची, डिस्क डब्यात, डबा टॉवेलात गुंडाळायचा, आन् गाडीच्या टाकीवर पोटाशी धरून घरी. घरची जुनी डिस्क सोमवारी वापस. मायच्या लोखंडी कपाटात असतो, तिच्या नव्या लुगड्यांच्या मधी. माय – सगुणाबाई नाव तिचं – रोज फडकं मारती त्याच्यावर. उन्हाळ्यात हात लावून बघती, म्हणती, "आज जरा अंग गरम लागायलंय रं तुझ्या डब्याचं." लेकरू असल्यासारखं!

हसा सर, हसा. मी बी हसायचो पयले. पण साहेबांनी वरून अट घातली – घर सोडून रात्री कुठं राहायचं न्हाई, अचानक गरज पडली तर डबा आणायला तूच पायजेस. मायबाप दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातेत, नागपूरला, मी लहानपणापासनं संगं असायचो – आता मी घरी, डब्यापाशी. कुणी इच्यारलं तर साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतेत, "हाच आमचा बॅकप." लोक वा वा करतेत. मला बी बरं वाटायचं सर, खोटं काऊन बोलू. वरीसभर बरं वाटलं.

साक्षी नांदेडला नर्स हाय. ठरलंय आमचं – म्हंजे ठरलं होतं, हाय, ते... तिची नोकरी तिथं पक्की हाय. ती म्हणती तुमी इकडं या, इथं काम मिळंल. मी म्हणलो डब्याचं काय? तर फोनवर म्हणली, "तुमचं लग्न त्या डब्यासंगच लावा, मी येते अक्षता टाकायला." ऐतवारी तिचे वडील येणार हायत, हो का न्हाई ते ऐकायला. म्हणून तुमी येणार कळालं तवा लय आनंद झाला सर. तुमी नवं समदं आखून देणार – नक्कल एखाद्या लांबच्या मशीनीत, माणसाच्या घरात न्हाई. तुमी साहेबांना तेवढं सांगा, ह्या पोराला मोकळं करा म्हणून. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. एवढंच बोलायचं होतं, सकाळपासनं धीर होईना.

काय? उघडून? – न्हाई, डिस्क उघडून कधी बघितली न्हाई. कशावर बघणार, दुसरी मशीनच न्हाई. पण भरलेली हाय, हिरवी बरोबर खूण येती ना दर शनिवारी. कुलूपबंद हाय सर – गाडीवरनं न्यायची, कुठं पडली तर पोरांची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून पासवर्ड टाकलेला हाय. मी न्हाई टाकला, बसवून देणाऱ्यानं टाकला. मला टाइप करावाच लागत न्हाई, आपोआप घेती ती... पासवर्डच्या मशीनीतनं.

हां. नऊमधली एक.

ह्याच पोटात.

...तो बसवणारा? तो गेला दुबईला, त्याचा नंबर लागत न्हाई. तुमच्याकडं काही असतं का सर, कुलूप काढायचं? इंजिनिअर लोकांकडं? – कधीच न्हाई? किती बी दिवस लावले तर?

मायला सांगू नका सर. ती आता बी फडकं मारत असंल.

म्हंजे डब्यात काहीच न्हाई, असंच ना? मग मला धरून ठेवायला काय राहिलं... मी मोकळाच की. आजपासनंच न्हाई, कवाच...

आलो काका, आलो! – चावी आली सर. साहेब बी आलेत वाटतं, त्यांचा आवाज हाय. ऐकलं ना काय म्हणायलेत? "फिकीर कशाला, सुगतच्या घरी हाय समदं."

तुमी व्हा म्होरं. मी बसतो इथंच. आन् सर – दार लोटून घ्या जाताना.