वरचा मजला पडका आहे

नाही, नाही, जिन्याकडं नका जाऊ — इथं बसा, इथं व्हरांड्यात, खाडीवरचा वारा लागतो. घर बघायला आलात ना, बघाल की, कुठं पळून चाललंय का ते? फिरंग्यांच्या वेळेपासून एका जागी उभं आहे, तुम्ही घाम पुसेपर्यंत उभं राहील. बसा. आणि एकटेच आलात ना? फाटकापाशी कोणी उभं नाही ना? नाही, आपलं विचारलं. तुम्ही प्लेगचे कारंटीनवाले नाहीत — हो, सांगितलंत मघाशी, बहिरा नाही मी. इतिहास लिहिणारे. जिल्ह्यातल्या जुन्या घरांचं पुस्तक काढताय. पण रावसाहेब, इतिहास लिहिणाऱ्याला बूट कशाला लागतात? परवा आमच्या कोपरी गावात शिरले ना, त्यांच्या पायात असेच बूट, आणि तोंडात अशीच साखर — बाबा, काही त्रास नाही, नुसतं बघून जातो. बघून गेले आणि जाताना मारुतीला घेऊन गेले. माझा शेजारी. काखेत गाठ निघाली म्हणे त्याच्या. अहो, जन्मभर मिठाच्या पाट्या उचललेला माणूस, त्याच्या काखेत गाठ नसेल तर काय जाईची फुलं असतील? गेला तो गेलाच. बायकोला त्याची राखसुद्धा दाखवली नाही कोणी. वर घराची कौलं उतरवली, जमीन खणली, चुन्याचं पाणी ओतलं, दारावर काळी फुली मारली. आता त्याच्या चुलीवर सरळ ऊन पडतं. बायको त्या उन्हात बसून असते, रांधत नाही, काही नाही.

बरं, लिहा. मी सहदेव, ह्या सरकारी बंगल्याचा राखणदार, माझ्या आधी माझा बाप. शाळा? शाळेत गेलेलो, पंतोजीनं छडी मारली, मी ती मोडली, झाली शाळा. पण ह्या घराचं मला विचारा. हा खालचा मजला फिरंग्यांचा. दगड बघा, असा सांधा आता कोण बसवतो? आणि दारावर वर बोट फिरवा — उंच आहात, पुरेल हात — लागलं काही? क्रूस आहे तो. पेशव्यांचं राज्य आलं तेव्हा कोणीतरी छिन्नी घेऊन चढला, पण दगड त्याच्यापेक्षा हट्टी, पुरता निघाला नाही. मग इथं भात साठवायचे. मग इंग्रज आला, त्यानं मिठागरांवर साहेब बसवला, आणि त्या साहेबानं वरचा मजला चढवला, अख्खा सागवानी. वरच्या खिडक्यांना काच नाही, बरं का. मग काय आहे? सांगा. पुस्तकं लिहिता ना, सांगा! शिंपला. शिंपले घासून घासून पातळ केलेले, चौकोनी कापून लाकडात बसवलेले. दुपारचं ऊन त्यातून आत येतं ते दुधासारखं होऊन येतं. आजारी माणसाच्या डोळ्यांना फार बरं पडतं. म्हणजे — मडमेच्या. साहेबाची मडम आजारी असायची, तिच्या डोळ्यांना. फार जुनी गोष्ट आहे ही.

कसला आवाज? कबुतरं आहेत वर. कबुतरं खोकत नाहीत? तुमच्याकडची नसतील खोकत. इथं खाडीची हवा आहे, दमट. तुम्ही इकडं बघा ना, जिन्याकडं काय बघता सारखं — तो कडुलिंब होय? ढेकणांसाठी बांधलाय. फार ढेकूण. आणि ती पेज माझीच आहे. मी पेजच पितो, दात कुठं राहिलेत तोंडात? ही? ही सुपारी. ती नुसती चघळतो. तुम्ही घराचा इतिहास लिहायला आलात की माझ्या तोंडाचा?

तर सांगत काय होतो — राखायचं कसं. बांधणारे बांधून जातात, मरून जातात, राखायला माणूस लागतो. पश्चिमेची भिंत बघा, तिला सगळा पाऊस सोसावा लागतो. मिरग लागायच्या आधी माडाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि वरपासून खालपर्यंत ती भिंत झाकून टाकायची, म्हातारीला घोंगडी पांघरावी तशी. एक वर्ष चुकलात की दुसऱ्या वर्षी भिंतीला पोपडे. आणि चुना — चुना भिजत घालायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, आणि मग तुडवायचा. एक ओवरसियर आलेला मध्ये, म्हणे सिमिट लावू. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या घराला लाव. चुना कमळा तुडवायची. माझी बायको. मी पाणी घालायचो आणि शिव्या द्यायचो, ती तुडवायची आणि माझ्याहून मोठ्या शिव्या द्यायची. ही समोरची अख्खी भिंत तिच्या पायाखालून गेलेली आहे. टाचा बघाल तर भेगा पडल्यात तिच्या, अजून चुना निघतो त्यातून, काल रात्री तेल लावलं तर — तर ते जाऊ द्या. ती इथं नाही. माहेरी गेली, बाळकुमला. भावाकडं.

तुम्ही सकाळी बाळकुमवरूनच आलात? असं. गाव रिकामं आहे? सगळे शेतात खोपटी बांधून राहिलेत. हो — हो, मग खोपटीतच असेल ना तीही. भावाच्या. मला काय माहीत कुठलं शेत, मी काय तिच्या मागं फिरतो? भांडून गेली. आमचं रोजचंच आहे.

सगळे हल्ली भित्रे झालेत, रावसाहेब, त्याचंच वाईट वाटतं. एकेकानं आपलं माणूस लपवायचं कुठं, तर भाताच्या कणगीत, नाहीतर गवताच्या गंजीत. अरे, कारंटीनवाले पहिली काठी तिथंच खुपसतात! एकानं तर आईला होडीत निजवून वर जाळं टाकलेलं, आणि ती बिचारी शिंकली. अक्कल नाही. लपवायचंच तर सरकारच्याच घरात लपवा. सरकार आपल्याच बंगल्याची झडती कशाला घेईल? ज्याच्या दाराला सरकारचंच कुलूप — असं आपलं मी म्हणतो. बोलायची एक रीत. हे लिहू नका. लिहिलंत? का थांबलात मग?

असं काय बघता? पाणी देऊ? नको, पाणी नका पिऊ इथलं. खारट आहे.

काय म्हणालात? परत सांगा. कोण येणार? उद्या? तुमचे मोठे साहेब — फोटोची पेटी घेऊन? ह्या घराचा फोटो? शिंपल्यांच्या खिडक्यांचा. हो, फोटो आतूनच घ्यावा लागेल, ऊन आत येताना, ते बरोबर आहे. आणि पुस्तकात घातलं की सरकार दुरुस्तीचा हुकूम काढेल, आणि मग कोणी पाडणार नाही. आणि नाही घातलं तर? दगड बंदराच्या नव्या धक्क्याला. हं. ते ऐकलेलं मी. मोजून गेलेत ते एकदा, खडूनं खुणा केलेल्या, मी पुसल्या.

रावसाहेब, तुम्हाला खरं सांगतो, माझा बाप मरताना शुद्धीत नव्हता, पण क्रूसाचं बोलत होता. म्हणायचा, कोणीतरी लिहून घेणारा येईल, त्याला दारावर बोट फिरवायला सांग. मी जन्मभर सांगत आलो. साहेबांना सांगितलं, पाद्र्यांना सांगितलं, मिठाच्या गाड्या हाकणाऱ्यांनाही सांगितलं, कोणी जांभई देई, कोणी हसे. आणि तुम्ही आज आलात, कागद घेऊन, बूट घालून, आणि सगळं लिहून घेतलंत. आजच यायचं होतं तुम्हाला.

उद्या नको. आठ दिवसांनी या, पंधरा दिवसांनी या. साहेब परवा मुंबईला जाणार? मग पुढच्या खेपेला. पुढची खेप नाही. नाही. बरं.

मग खोडा.

खोडा म्हणतोय ना. जे लिहिलंत ते सगळं. खोटं आहे. तो क्रूस नाही, गाडीचं जू आपटून पडलेली चीर आहे ती, बघा नीट, कोणीही सांगेल. फिरंगी नाही, पेशवे नाही, काही नाही, कोणा वखारवाल्यानं बांधलेलं गोदाम आहे हे, परवा परवाचं. माझ्या बापानं रचलेलं सगळं, साहेब लोक खूश व्हावेत म्हणून. खोटारडा होता माझा बाप. लिहा तसं — राखणदार म्हणतो, बाप खोटारडा होता. आणि शिंपले फुटले. मागच्या वादळात सगळे फुटले, फळ्या ठोकल्यात तिथं. खालून शिंपलेच दिसतात? त्या — त्या फळ्याच अशा दिसतात लांबून. वरचा मजला पडका आहे. वाळवी लागली तुळयांना, पाय ठेवला की साहेब पेटीसकट खाली. तुमच्या साहेबाचा जीव जाईल आणि तुमची नोकरी. म्हणून जिन्याला लिंब बांधलाय मी, कोणी चढू नये म्हणून. ढेकूण? ढेकूण मी म्हणालो नाही.

उठू नका! तिकडं नाही — पाया पडतो तुमच्या. बघा, पडलो. ह्या वयात. मी कलेक्टरापुढंही वाकलेलो नाही. ती कुठं जात नाही, येत नाही, खालच्या विहिरीला हात लावत नाही, तिचं सगळं मी करतो, मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला त्या कारंटीनच्या पत्र्याच्या झोपड्यांत नेलंत तर ती तिथं कोणाला शिव्या देईल? कोणाशी बोलायची नाही ती. तशीच मरेल, गप्प.

नाही, मी काही बोललो नाही. कबुतरांचं बोललो.

धक्क्याला दगड लागतील ते कधी उतरवायला घेतील? लगेच नाही ना? महिना तरी जाईल, सरकारी काम आहे. महिना पुरतो. महिन्यात माणूस उठतं — नाहीतर मग — पुरतो महिना. मग घेऊन जा दगड. मी स्वतः काढून देईन एकेक, मला सांधे माहीत आहेत, एक फुटू देणार नाही. लिहा — घर बघण्यासारखं नाही. फोटो काढण्यासारखं तर नाहीच.

खोडलंत? दाखवा. वाचता येत नाही मला, पण खोडलेलं कळतं. हे वरचंही खोडा. आणि ही ओळ, ही शिंपल्याची असेल ना, लांब आहे. हां. ही पण. जोरात मारा रेघ, दिसतंय अजून.

चला आता. ऊन उतरायच्या आत स्टेशन गाठा. काही बोलू नका, तुम्ही भले माणूस आहात, बोललात की मला भीती वाटते. आणि जाताना फाटक ओढून घ्या तेवढं. नको — राहू द्या. राहू द्या उघडंच. पडक्या घराला कसलं फाटक.