मामाच्या भेटीची तालीम

हॅलो? … हां, बोल बाळा. … जेवलो गं. … हो, गरम करूनच. … ते राहू दे, आधी मला सांग, तुझ्या मामाने घरी माणूस कशाला पाठवला?

… कोण म्हणजे? साहेबांचा माणूस! गळ्यात कॅमेरा. म्हणे, उद्या साहेब भेटायला येणार, जरा जागा बघून घेतो. … अगं, ऐक ना! मला दोनदा दार उघडायला लावलं. 'काका, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला की खाली बघा.' बायको माझी गेली, आणि तालीमही मीच करायची?

… बहिणीवरची माया? आत्ता बरी आली! आई दवाखान्यात होती तेव्हा दार वाजलं की उठून बसायची. 'माझा भाऊ आला.' तेव्हा साहेबांचं अधिवेशन होतं. आता निवडणूक आहे. … संशय नाही तर काय करू? पंप विकायचा तेव्हा स्वतः पाना घेऊन लोकांच्या विहिरीत उतरायचा हा. डबा तुझ्या आईच्या हातचा. आमदार झाला, पाणीपुरवठा मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि आता बहिणीच्या घरी यायला जागा बघणारा माणूस लागतो?

… आणि हे सांग. तो कॅमेरावाला विचारत होता, 'ताईंचा चष्मा खिडकीतच आहे ना? साहेबांच्या हातात चांगला दिसेल.' मी तो हलवलेला नाही, हे फक्त तुला माहीत. … सांगितलंस ना? … सहज निघालं बोलण्यात, म्हणे!

… थांब. हे कोण खाकरलं? … टीव्ही नाही तो. भाषणाआधी असाच खाकरतो तुझा मामा. … फोन स्पीकरवर आहे? … शाब्बास, पोरी! दे त्याला.

… बोला, साहेब. … हो, सगळं तुलाच बोललो. ऐकलंस ते बरं झालं. … काय? … नीट बोल, कळत नाही. … रडतोयस? … खोलीत आणखी कोण आहे रे? … तोच ना, कॅमेरावाला? त्याला बाहेर काढ आधी.

… गेला? … तू नको, पोरीला सांगू दे. … बाळा, गेला का खरंच? … दार लावलंस? … आणि मामा अजून रडतोय?

… बरं. … त्याला म्हणावं, उद्या नको. आत्ता ये. एकटा. पुढचं दार मी उघडणार नाही. … मागून ये म्हणावं, स्वयंपाकघरातून, बहिणीकडे यायचास तसा. … हो. … हो गं. … ठेवतो आता. मागची कडी काढायची आहे.