एअरबॅगचा दिवा आणि माझा पायगुण

"पोरगी उंबरा वलांडून आत आली काय अन् गाडीत लाल दिवा लागला काय! आता तूच सांग, काय समजावं मानसानं?"

हे सासूबाई माझ्याशी नव्हत्या हो बोलत, सोयगावच्या मावशींशी बोलत होत्या, फोनवर, स्वयंपाकघराचं दार लोटून. पण बायपासच्या पलीकडं नव्यानं उठलेल्या आमच्या रो-हाऊसच्या भिंती, तुम्हाला सांगते, इतक्या पातळ की शेजारी मिरची परतली तर ठसका आम्हाला… सगळं ऐकू आलं. आणि मी? मी गप्प. नवी सून!

दिवा कसला, तर एअरबॅगचा. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं एक गोळा, असं चित्र असतं ना, तो. मावशींचा आवाज तर असा की सोयगावाहून फोनशिवायही पोचावा, त्या म्हणाल्या, "त्या दिव्यातली पोटुशी बाई हाय का काय ती?" "नाय गं, पायगुण हाय. येत्या अवसेला हिला तिकडं घेऊन येते, नारळ उतरवून टाकू." म्हणजे बघा, गाडी जुनी, आमच्या आधी कुणाकुणाच्या दारात उभी राहून आलेली, तिचा पायगुण कुणी विचारला नाही! आणि एकदा का माझ्यावरून नारळ उतरला की जन्मभराचं झालं हो. दूध नासलं, ती. शेजाऱ्याची म्हैस आटली, तीच!

मग सुरू झाला दुरुस्तीचा उत्सव. सासरे म्हणाले, "बॅटरी असंल." आमचे हे, मिहिर, वाळूजला शिफ्टला जाता जाता म्हणाले, "उन्हानं होतं तसं." सासूबाईंनी तर कपाळाची टिकली काढून दिव्यावरच चिकटवली! दिसला नाही की गेला! मी मागच्या सीटवरून बघत होते.

शेवटी नेली एकदाची स्कॅनरवाल्याकडं. त्यानं स्टेअरिंगखाली वायर खुपसली, यंत्रात बघितलं आणि म्हणाला, "सीट के नीच्चे के सर्किट का कोड आरा. मिटा देतूं, फिर आया तो आओ. ये जलता रहा तो टक्कर में बॅग का भरोसा नक्को. अन् पीले वायर को घर में टेस्टर नक्को लगाना हां, धाड्कन फुट्टी तो आदमी गया!" सासरे तेव्हा सावली शोधत होते, दीर हिमांशू मोबाइल चार्जिंगला लावत होता. ऐकलं कुणी? मी.

दिवा गेला. घरात आनंद. आणि पुढच्या पाण्याच्या फेरीला… परत हजर!

आता पाण्याची फेरी म्हणजे काय, ते ऐका. आमच्या वसाहतीला नळ नाही, टँकर येतो तो मनाला आलं तर, सगळीकडं बोअर कोरडे. ह्यांच्या मामांच्या गारखेड्यातल्या बोअरला तेवढं पाणी. मग ह्यांना सुट्टी असली की निघायची वरात! हे गाडी चालवणार, सासूबाई पुढं, गाडी गॅसवरची, डिकीत तिचं सिलिंडर, म्हणून भरलेले कॅन मागं, माझ्या पायाशी, आणि मांडीवर कळशी. कॅन मावेना की सासूबाई पुढून ओरडणार, "रेट की गं जरा! सीटखाली रेट!" मी रेटायचे. आणि त्या सीटखाली, तुम्हाला सांगते, एक पिवळं कनेक्टर लोंबतं. कॅन त्याला धडकायचा, वर झाकणातून पाणी गळायचं. रेटलं की दिवा, रेटलं की दिवा! मला दिसत होतं. पण सांगायचं कुणाला? ज्यांनी रेटायला सांगितलं, त्यांना? गप्प!

त्या दिवशी मात्र अवस तोंडावर आलेली, आणि हिमांशूनं व्हिडिओ बघून ठरवलं, आज फॉल्ट पकडायचाच. सासरे पुढच्या सीटवर ऐटीत बसलेले, "वजन नको का पडाया सीटवर?" आणि हा खाली झोपून, हातात टेस्टर, म्हणतोय, "बाबा, हलू नका, ह्या पिवळ्या वायरीत करंट हाय का बघतो…"

"बाबा, उतरा! भाऊजी, हात काढा आधी!"

कोण ओरडलं? मी ओरडले! सासूबाईंच्या हातातलं पाखडायचं सूप खाली. सासरे गाडीतून असे उतरले, तसे बसमधूनही कधी उतरले नसतील.

"व्हय गं, तुला बोलता येतं?" सासूबाई.

आता सुटलेच होते. म्हटलं, बॅटरीची तार काढा, सगळे आत जाऊन चहा घ्या, तोवर उरलासुरला करंट उतरू दे. चहा झाल्यावर हात घालून कनेक्टर बाहेर ओढलं, तर अर्धं निसटलेलं, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. पुसलं, वाळवलं, खट्कन बसेपर्यंत दाबलं. मग गाडी स्कॅनरवाल्याकडं नेली, त्यानं पिना तपासून कोड मिटवला. दिवा गेला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यात पाय कुणाचा नाही, कॅन आहे.

सासूबाईंनी वाकून स्वतः सीटखाली बघितलं. मग म्हणाल्या, "नारळाचं ऱ्हाऊ दे आता, चटणी वाटते त्याची. पण कॅन कुठं ठिवायचे?"

"मागच्या सीटवर, पट्टा लावून."

"मग तू कुठं बसणार?"

बघा म्हणजे! मी यायचंच, हे ठरलेलं. इतकं बोलून काय मिळवलं, तर पाणी भरायचं काम कायमचं गळ्यात. तरी बोललेच:

"स्टेअरिंगवर, आई. लायसन आहे माझ्याकडं, तुम्ही कधी विचारलंच नाही. तुम्ही पुढं बसा, पट्टा लावा, आणि कॅन रेटायला ह्यांना मागं घेऊ."