बर्ड फ्लूचा सराव आणि शेजारचा खोकला

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही ओरडलात कशाला?" ओरडू नको तर काय अंगाई म्हणू? तुम्हाला सांगतो, मी हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस. एक्स-रे कुठे, तर डावीकडे, आणि कान-नाक-घसा कुठे, तर वरच्या मजल्यावर, एवढंच माझं वैद्यकीय ज्ञान! पण त्या दिवशी थोरले डॉक्टर खिडकीशी आले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "वा! चेहरा अगदी योग्य आहे." मी आपला खूश. मग कळलं, पेशंट म्हणून योग्य! उद्या बर्ड फ्लू माणसांत पसरला तर आपलं हॉस्पिटल तयार आहे का, हे बघायचं होतं, त्याला एक खोटा पेशंट हवा होता. "घाबरता काय? सराव आहे हो, सराव!"

आता मी पडलो हौशी नट. रंगमंचावर दोनदा मेलोय, दोन्ही वेळा टाळ्या घेऊन. म्हटलं, दाखवूच यांना! सकाळी चहा टाळला, केस विस्कटले, डोळे चोळून लाल केले, तर आमची ही म्हणते, "रोजच्यासारखेच तर दिसताय." जाऊ दे! मला कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत नेऊन पलंगावर घातलं, दार बाहेरून लावलं, आणि काचेपलीकडे जी धांदल उडाली म्हणता… कुणाच्या चष्म्यावर वाफ, कुणाचा झगा मागून टरकन फाटलेला, एक सिस्टर त्या पांढऱ्या झग्यात शिरली ती बाहेरच येईना, आणि मेट्रनबाई ओरडतायत, "अगं, तो पाय नाही, ती बाही आहे!" आणि मी? मी इकडे जीव तोडून कण्हतोय. कुणी बघेल तर शपथ!

एवढ्यात गेटवरचा पहिलवान, म्हणजे आमचा सिक्युरिटीवाला, चाकाच्या खुर्चीतून आणखी एकाला घेऊन आला. "हा पण तुमच्यातलाच. कोंबड्या मेल्या म्हणतो, ताप आलाय म्हणतो. घ्या!" आणि त्याला शेजारच्या पलंगावर टाकून, पुन्हा बाहेरून कडी घालून गेला.

आता मला सांगा, दुसरा पेशंट आहे हे मला नको सांगायला? भूमिका परस्पर वाटून टाकता? बरं, त्याचं काम इतकं चांगलं! ओठ सुकलेले, श्वास भात्यासारखा, आणि खोकला… अहो, काय तो खोकला! बेंबीच्या देठापासून! माझा खोकला म्हणजे त्यापुढे मांजराची शिंक. मी जळलो, खोटं कशाला बोलू? हळूच विचारलं, "कुठे काम करता?"

"पोल्ट्रीत," तो म्हणाला.

म्हटलं, बघा निष्ठा! खासगीतसुद्धा भूमिका सोडत नाही. म्हटलं, "जरा कमी करा. शेवटच्या रांगेला ऐकू जातंय."

तर म्हणतो, "साहेब, शेडमधल्या सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना टाकल्या. मालक म्हणाले, उन्हानं मेल्या, उचल. मी उचलल्या… नुसत्या हातांनी." मग मोठा श्वास. "बायको बाहेर बसलीय. तिला आत येऊ देऊ नका. पोटुशी आहे ती."

वा! काय वाक्य! मनात म्हटलं, मला का नाही दिलं हे? आणि तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

तवा हो… तापलेला तवा! तुम्हाला सांगतो, नट काय वाटेल ते करेल, रडेल, थरथरेल, मरून दाखवेल, पण अंग नाही तापवता येत कुणाला. आणि त्याची नखं… नखं निळी पडत चाललेली.

मी ताडकन उठलो, काचेवर थापा मारल्या, "अहो, हा खरा आहे! खरा पेशंट आहे!" तर बाहेरचे शिकाऊ डॉक्टर एकमेकांना म्हणतात, "काय रंगलाय बघ!" थोरल्या डॉक्टरांनी लांबूनच अंगठा दाखवला. "छान! चालू द्या! सराव आहे हो, सराव!" अरे, कसला सराव? इकडे माणसाचा श्वास अडकतोय, दाराला बाहेरून कडी, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाटक करत नव्हतो तर कुणाचा विश्वास बसेना!

शेवटी मेट्रनबाई काचेशी आल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघितलं. मास्क, चष्मा, हातमोजे चढवले आणि आत. मग ऑक्सिजन लागला, नाका-घशातले नमुने घेतले, आणि बाहेर अशी शांतता पसरली की फाटक्या झग्याची सळसळ ऐकू यावी. बाईंनी माझ्याकडे मास्क भिरकावला. "नाक झाका, आणि त्या कोपऱ्यात उभे राहा."

"बाई, पण मी खोटा आहे!"

"आता नाही."

झालं! मला वेगळ्या खोलीत कोंडलं, गोळ्या सुरू केल्या. थोरले डॉक्टर काचेपलीकडून धीर देतायत, "हा आजार माणसाकडून माणसाला सहज होत नाही… अजून."

"अजून म्हणजे?"

"अजून म्हणजे… अजून."

त्या एका शब्दाला उशाशी घेऊन मी पडून राहिलो. घशात खवखवलं की कपाळाला हात लावून ताप बघायचो! फोनवर ही विचारते, "खरं सांगा, खोकताय की नाटक करताय?" काय सांगू? म्हटलं, "माझं मलाच कळेना गं." ती नेहमीसारखी हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

रिपोर्ट आले. माझा स्वच्छ. त्याच्या बायकोचाही. त्याचा मात्र… बर्ड फ्लूच. बरेच दिवस ऑक्सिजनवर होता बिचारा, आज बरा तर उद्या पुन्हा खाली. पण निभावलं. पहिल्यांदा उठून बसला तेव्हा मी काचेपलीकडून हात केला, तर मलाच विचारतो, "साहेब, तुम्हाला काय झालं होतं हो?" म्हटलं, "काही नाही, पथ्य पाळा."

मग झाली मीटिंग. मला वाटलं, आता शाबासकी! थोरले डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "सराव पूर्ण होऊ शकला नाही. मध्येच खरा पेशंट आला."

मी विचारलं, "म्हणजे साथ आली तर आपण तयार आहोत की नाही?"

म्हणाले, "ते पुढच्या वर्षीच्या सरावात कळेल."

घ्या! म्हटलं, बरं… साथीला निरोप धाडा, तेवढं थांब म्हणावं.