जबड्याचा फोटो

...अन वरून मलेच इचारते, "सोबत कोन हाय काका?" आता तुमीच सांगा, दोन दाढा पडलेल्या मानसाच्या जबड्याचा फोटो काढाचा, त्यात सोबत कायले पायजे? मी काय वरातीले आलो? अनसिंगवरून एसटीत बसलो तं कंडक्टर इचारते, एकटेच काय बापूराव? वाशिमले उतरलो तं आटोवाला इचारते, एकटेच काय? अन दातायच्या दवाखान्यात पाय टाकला नाही तं काउंटरवरची पोरगी, सोबत कोन हाय? म्या पिशवी दाखोली. म्हटलं हे हाय, घरच्या मळ्यातले वांगे अन सांबाराची हिरवी जुडी. थे हासलीबी नाही, गड्या.

तुमाले सांगतो, मले काही तरास नोयता. भाकर दुधात कुस्करली का झालं जेवन. पन अंकुर, माहं पोरगं, पुन्याले कंपनीत हाय, त्याची माय गेली तवापासून फोनवर त्याचं एकच, बाबा दात बसवा, बाबा दात बसवा. आलो मंग मांगच्या आठोड्यात. डाक्टर म्हने, दाढ पडून लय दिवस झाले का तिच्या खालचं हाड झिजते. झिजलं असन तं आधी हाड भरा लागन, मोठं काम, घरचं मानूस पायजे. नसन झिजलं तं काहीच नाही, हाडात दाताचा खिळा बसोला का घरी. अन थे कायच्यात दिसन? तं एक मशीन हाय, मुंडक्याभोवती गोल फिरते अन जबडा चारी बाजूनं दाखोते. म्या अंकुरले सांगतलं, तं पोरगं काय म्हने, "बाबा, हाड भरावं लागलं तर मी येतो. आठ दिवस सुट्टी टाकतो, अंजूलाही आणतो."

आठ दिवस! अन संग नात! दिवाळीत दोन दिवस आला होता थो, त्यातला एक लॅपटॉपनं खाल्ला. बस... त्या दिवसापासून लोक देवाले काय काय मांगत असतीन, म्या झिजेल हाड मांगतलं. खरंच सांगतो. मेथीचा एक वाफा तोडलाच नाही, पोराले मेथी लागते म्हनून. गाद्या उन्हात टाकल्या. शेजारची गोजराबाई इचारे, कोन येऊन राह्यलं वो भाऊजी? म्या म्हटलं, पाहू, हाडावर हाय.

तं मी आपला बाकड्यावर बसलो. बाजूले कोन, तं जऊळक्याचा मदनसिंग. याले नाकाचं दुखनं, कपाळात पू साचते म्हने, त्याचाबी फोटो त्याच मशीनवर. अन सोबत? दोन पोरं, एक सून, डबा, थर्मास! मले म्हनते, एकटेच काय? मंग सांगत बसला का नागपूरले त्याच्या भाचीच्या कुत्र्याची दाढ सडली, तं जनावराच्या दवाखान्यात त्याचाबी असाच फोटो काढला. कुत्र्याले भूल द्या लागते म्हने, थो कायचा गप उभा राह्यते. म्या सहज इचारलं, कुत्र्यासंग कोन गेलं होतं? म्हने, सारं घर गेलं होतं, सासूसुद्धा! मी उठलो अन पानी पेऊन आलो. तहान नोयती.

मंग आत बलावलं. मशीनवाली पोरगी प्रियदर्शनी, मोठी गोड बोलनारी. चष्मा काढा काका, कानातली बाळी काढा, हनुवटी अठी टेका, ही काडी दातात धरा. अन आता हलू नका, बोलू नका, थुंकी गिळू नका. सारं सांगून मंग काय करते? सोताच बाहेर! दरवाजा बंद! म्या काडी काढून इचारलं, तू काहून चालली वो? म्हने मशीनचे किरनं असतात. मले भेव नाही काय? म्हने थोडेसेच असतात, तुमी एकदा, मी दिवसभर. बरं बाप्पा... गेली.

अन थे मशीन निंघालं फिराले, घुर्रर्र करत, समोरून कानाकडं, कानाकडून मांगं... आता कोनी आपल्या पाठीमांगून जाऊन राह्यलं तं मानूस मान वळवून पाह्यन का नाही? माह्या घरात महिना महिना पाठीमांगून कोनी जात नाही. म्या पाह्यलं. फोटो गेला! पोरगी पळत आली, "काय काका, सोबत कोनी असतं तं त्यायनं तुमाले समजावलं असतं." अन तिनं दोन्ही हातानं माहं डोकं धरून सरळ केलं. खोटं कायले बोलू, बरं वाटलं. डोक्यावर कोनाचा हात नाही पडला इतक्या दिवसात. मंग मातर असा उभा राह्यलो, जसं वावरातलं बुजगावनं. डोळे मिटून मनात एकच चालू... झीज बाप्पा, झीज.

डाक्टरनं टीव्हीवर दाखोलं. माहाच जबडा, आपल्या मनानं फिरून राह्यला! मंग मुळ्याच्या चकत्या पाडा तशा त्यानं जबड्याच्या चकत्या पाडल्या, इकून मोजलं, तिकून मोजलं, अन म्हने, "बापूराव, हाड एकदम दणकट. काही भराचं काम नाही."

म्या म्हटलं, नीट पाहा, कोपऱ्यात झिजेल असन. म्हने नाही. म्हटलं, मांगून पाहा. मांगूनबी दणकट! जनमभर ज्वारीची भाकर खाल्ली, ऐन वक्ताले थेच नडलं! अन वरून पाठीवर थाप मारून मले म्हनते, "सकाळी या, दुपारी घरी. सोबत कोनी नसलं तरी चालते."

चालते म्हने.

बाहेर येऊन पायरीवर बसलो अन ठरोलं, खोटं बोलाचं. अंकुरले सांगाचं, हाड झिजलं, ये लवकर. दोन-चार खेपा घोकलं, आवाज कन्हतकुथत काढून पाह्यला, येनारे-जानारे पाहाले लागले. लावला फोन. म्हटलं, "अंकुर, बावा, डाक्टर म्हने का हाड..." तं पोरगं मधातच, "दणकट आहे ना! पाहिलं मी बाबा. तुम्ही माझा नंबर दिला होता ना, दवाखान्यानं आत्ताच फोटो आणि रिपोर्ट पाठवलाय मोबाईलवर. टेन्शनच गेलं! आता मी यायची काही गरज नाही."

घ्या! मी अजून वाशिमात पायरीवर, अन माहा जबडा पुन्याले पोचला.

म्हटलं, नाही रे, कायले येतं, सुट्टी राहू दे. तं तिकडून अंजूचा आवाज, माही नात थे, तिनं बापाच्या हातातून मोबाईल घेतला असन. म्हने, "आबा, तुम्ही फोटोत एवढे का हसताय?"

आता त्या फोटोत ना गाल, ना ओठ, दातच दात... पन लेकराले काय सांगता?

म्हटलं, हाव बाई. हासूनच राह्यलो.