पहिली पसंती

बाबा : ताई, हिचा प्रवेशाचा फॉर्म भरून घेऊ दे ना आधी. पाचला बंद होतोय, पावणेपाच झाले.

आत्या : आणि दात? रात्रभर कळवळत होती म्हणतोस. आता दाताची नळी उघडलीय, मध्येच सोडता येत नाही. पोरी, मोठा आ कर. दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं नाही.

मुलगी : अं.

बाबा : मग मी एकटा भरू काय?

आत्या : मोबाइल तुझ्याच हातात आहे की. तिकडे स्टुलावर बस, उजेड अडवू नकोस.

बाबा : डॉक्टरकी तर गेलीच. तेवीस गुणांनी, ताई! हातातोंडाशी आलेला घास.

आत्या : दोनदा बसली परीक्षेला, पुरे झालं. वाळून गेलीय पोर.

बाबा : डेंटलला या गुणांवर नक्की मिळतंय, मागच्या वर्षीची यादी पाहिली मी. फिजिओथेरपी त्याहून सोपं. फार्मसी करून पुढे दुकानच टाकायचं. आणि नर्सिंगला तर डोळे झाकून, एक नंबरच्या कॉलेजात.

आत्या : एवढे गुण मिळवून नर्सिंग? गुण काय ओवाळून टाकायचेत?

बाबा : तिला तेच हवंय गं. हिची आई आजारी होती तेव्हा ही अकरा दिवस वॉर्डात राहिली, तिथल्या सिस्टरच्या मागे मागे. तेव्हापासून डोक्यात बसलंय. आणि नोकरीचं म्हणशील, तर निकालाआधी हातात. तुम्हा डेंटलवाल्यांचंच कठीण झालंय. एकेका गल्लीत चार-चार पाट्या.

आत्या : त्या पाटीवाल्यांकडे चालता दवाखाना नसतो. हिला आहे. खुर्ची, एक्स-रे, माझे अठ्ठावीस वर्षांत जोडलेले पेशंट. आयतं ताट वाढून ठेवलंय. तोंड मिटू नकोस गं.

मुलगी : आँ… आँ…

आत्या : हो हो, होतच आलं.

बाबा : मी तिला शब्द दिलाय, ताई. आत्याचं फक्त ऐकून घे म्हटलं, शेवटी तू म्हणशील तेच पहिलं टाकू. पहिली पसंती मिळाली की तीच घ्यावी लागते, नंतर बदलत नाही. एक मिनिट तोंड मोकळं कर ना तिचं.

आत्या : आत्ता? लाळ आत गेली की सगळी मेहनत पाण्यात.

बाबा : अगं, चार पंचावन्न झाले! साइट आधीच रखडतेय. बाळा, ऐकतेयस ना? आत्याचं पटतंय मला, डेंटल पहिलं टाकतोय. नको असेल तर मान हलव.

आत्या : खबरदार मान हलवलीस तर! सुई आत आहे.

बाबा : हात वर केला बघ तिने. नको म्हणतेय का?

आत्या : दुखतंय रे तिला. थांब पोरी, भूल वाढवते.

बाबा : दोन्ही हात वर केलेत, ताई.

आत्या : जास्त दुखतंय. तू कशाला बघतोस? तुला लगेच चक्कर येते. तुझं काम उरक.

बाबा : बरं… डेंटल पहिलं. नर्सिंग दुसरं ठेवलंय हं, बाळा. लॉक… फिरतंय, फिरतंय… झालं बुवा एकदाचं! चार अठ्ठावन्न. जीव नुसता टांगणीला लागला होता. मी बाहेर जाऊन हिच्या आईला फोन करतो.

(बाबा जातात. आत्या मुलीच्या गालातला कापूस काढते.)

मुलगी : मला दुखत नव्हतं, आत्या.

आत्या : माहीत आहे.

मुलगी : मग बाबांना का नाही सांगितलंस?

आत्या : ही बोटं बघ माझी. दुपारनंतर थरथरतात. तुझ्या दातावर तीनदा हात थांबवला. दोन वर्षं ओढीन फार तर. मग हे सगळं कुणाला देऊ? परक्याला?

मुलगी : मला नको होतं गं हे. फॉर्म उघडता येईल अजून?

आत्या : लॉक केलेला नाही उघडत.

मुलगी : आत्या…

आत्या : रडू नकोस. गाल बधिर आहे, दाताखाली आला तर कळायचंही नाही तुला.